खान्देशातून लाइव्हअबोर्ड डाइव्हिंगला जायचंय? मग हे आधी वाचा

आपल्याकडे समुद्र नाही, त्यामुळे लाइव्हअबोर्ड म्हटलं की घरचे आधी विचारतात हे काय नवीन खूळ. तर भो, साधं आहे, आठवडाभर बोटीवरच राहायचं, तिथेच जेवायचं-झोपायचं आणि किनाऱ्यावरून रोज जाऊन येणं जमत नाही अशा लांबच्या रीफवर (प्रवाळाच्या खडकांवर) नाहीतर बुडालेल्या जहाजांवर दिवसाला तीन-चार डाइव्ह मारायच्या. खर्च मात्र आधीच सांगतो, लाखाच्या पुढेच धरा, आणि पार्कची फी, टिप, भाड्याचं सामान हे पॅकेजमध्ये आहे का ते बुकिंगआधी लिहून घ्या.

तारकर्लीला फोटोवाली डाइव्ह केली म्हणजे आपण डाइव्हर झालो असं समजू नका, तिथे इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून फिरवतो. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सने 18 मीटरपर्यंत जाता येतं, त्यापुढच्या अ‍ॅडव्हान्स्डने 30, आणि बोट नेते त्या चांगल्या जागा बऱ्याचदा 20-30 मीटरवर असतात, म्हणून दोन्ही करूनच जा, अंदमानात हॅवलॉकला होतात. आपल्यातले बरेच जण विहिरीत पोहायला शिकलेले, पाण्याची भीती नसते ही जमेची बाजू, पण विहिरीची एक सवय इथे जीवावर बेतते. बुडी मारताना आपण दम कोंडतो आणि स्कूबात, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन डाइव्ह करताना, नेमकं तेच करायचं नसतं, कारण खाली टाकीतून घेतलेली हवा वर येताना फुगते आणि दम कोंडलेला असेल तर फुप्फुस फाटू शकतं. श्वास चालूच ठेवायचा, हळू वर यायचं, 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजनवाल्या हवेचा) कोर्सही करून टाका, त्यात नायट्रोजन कमी असतो म्हणून एकामागून एक डाइव्ह करताना खाली जास्त वेळ मिळतो, फक्त खोलीची मर्यादा सांभाळावी लागते. दमा, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतंच, लपवू नका.

आता बोट निवडणं, आणि इथेच लोक केबिनचे फोटो बघून पैसे भरतात. 2 सप्टेंबर 2019 ला कॅलिफोर्नियात कन्सेप्शन नावाच्या डाइव्ह बोटीला रात्री आग लागली, खालच्या डेकवर झोपलेले 34 जण गेले आणि तपासात निघालं की रात्री पहाऱ्यावर कोणी नव्हतंच. 25 नोव्हेंबर 2024 ला तांबड्या समुद्रात सी स्टोरी नावाची डाइव्ह बोट पहाटे उलटली. म्हणून बिनधास्त विचारा, रात्री कोण जागं असतं, केबिनमधून बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे, टॉर्च-कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करतात. पहिल्या संध्याकाळी तो दुसरा रस्ता स्वतः चालून बघा. उत्तर द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला पैसे देऊ नका, एवढं सोपं आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मालदीव बरं, जानेवारी ते एप्रिल. थायलंडचं सिमिलान ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडं असतं. जहाजाचंच वेड असेल तर इजिप्तमध्ये थिसलगॉर्म. 6 ऑक्टोबर 1941 ला जर्मन बॉम्बरांनी बुडवलेलं ब्रिटिश मालवाहू जहाज, साधारण 30 मीटरवर वाळूत बसलंय. आत बीएसए कंपनीच्या मोटरसायकली अजून ओळीने उभ्या आहेत, हँडल दिसतात, मधून बारीक माशांचे थवे फिरतात, आणि बाहेर वाळूत वाफेची रेल्वे इंजिनं पडलीत, भुसावळवाल्यांनी तर बघायलाच पाहिजे. पण पाण्याचा प्रवाह जोरात असतो, आणि ट्रेनिंग नसताना जहाजाच्या आत शिरायचं नाही, पायातल्या फिनच्या एका फटक्याने गाळ उठतो आणि दार कुठे ते दिसत नाही. आठवण म्हणून काही उचलायचंही नाही.

सामानाला ट्रॉली नको, मऊ बॅग न्या, केबिनमध्ये जागाच नसते. बोट लागत असेल तर डॉक्टरला विचारून गोळी आधीच घ्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही, आणि झोप येणारी गोळी असेल तर डाइव्हला जाऊ नका. सर्दी असेल तरी नको, कान दुखवून घ्याल. व्हेज असाल तर आधी कळवा, ठेचा-लोणचं चेक-इन बॅगेत टाका. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कूबा बऱ्याचदा धरत नाहीत, त्यामुळे डाइव्हिंगचा वेगळा इन्शुरन्स घ्या, रीकम्प्रेशन चेंबरचा (डाइव्हनंतर अंगात नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर दाबाखाली उपचार करतात ती खोली) खर्च कव्हर होतो ना ते बघून.

परतीचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून पहाटेचं काढू नका, इतक्या डाइव्हनंतर अंगात नायट्रोजन साठलेला असतो आणि हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून विमानात बसायच्या आधी कमीत कमी 18 तास जाऊ द्यायचे असतात, मी तर पूर्ण दिवस ठेवतो. आणि कोकणात डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडीने जळगाव गाठायचा प्लॅन असेल तर तोही सोडा, घाट चढलात की हवेचा दाब कमी होतोच, रात्र मालवणातच काढा.