उंदराच्या शेपटीतून मूलपेशी देताना

एथिक्स कमिटीची परवानगी हातात आल्याशिवाय उंदराला हात लावू नका.

कार्बन टेट्राक्लोराइड हे यकृताला इजा करणारं रसायन आठवड्यातून दोनदा, असं सहा आठवडे दिलं की यकृतात तंतू साचतात. मग, ते तंतू कमी होतात का हे बघायला, मूलपेशींची (स्टेम सेल्सची) पाळी. देण्याआधी त्या 40 मायक्रॉनच्या जाळीतून गाळाच. पहिल्या खेपेला मी गाळल्या नव्हत्या. गुठळ्या फुप्फुसात अडकल्या आणि दोन उंदीर माझ्या हातातच गेले. ते अजून सलतं.

शेपूट मिनिटभर कोमट पाण्यात धरा, शीर फुगते. बाजूचीच शीर घ्या. खालून मधोमध धमनी असते. 200 मायक्रोलिटरमध्ये 5 लाख पेशी, अगदी सावकाश. सुई शिरेत असेल तर दट्ट्या अलगद सरकतो आणि शिरेचा रंग पुढेपुढे पुसत जातो. टोचल्या जागी फुगवटा दिसला म्हणजे सुई शिरेबाहेर आहे; थांबा, सुई काढा, थोडं वर पुन्हा टोचा.

आणि पेशींऐवजी फक्त सलाइन दिलेला गट हवाच हवा. रसायन थांबलं की उंदराचं यकृत आपलं आपणच सावरू लागतं. ते श्रेय पेशींना देणं म्हणजे रुग्णांची फसवणूक. सिरियस रेड (तंतू लाल दाखवणारा रंग) लावलेल्या यकृताच्या काचा मोजायला, कुठला गट कुठला हे ठाऊक नसलेल्या माणसाला बसवा.