सॅम्पलिंगला निघायच्या आधी: चिकन-मासळीतल्या जिवाणूंवर काम करणाऱ्यांसाठी तयारीची यादी

एमएस्सीचं डिझर्टेशन असो नाहीतर पीएचडीचं पहिलं वर्ष, "बाजारातलं चिकन आणि मासळी" असा विषय मिळाला की पोरं सगळ्यात आधी थर्माकोलचा डबा आणतात आणि थेट बाजार गाठतात. उलटं करा. बाजार सगळ्यात शेवटी. प्लेटा ओतून, वाळवून, त्यातल्या दोन कोऱ्याच रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवून त्यावर काही उगवलं नाही हे बघून झालं, की मगच पिशवी उचलायची.

पहिलं काम म्हणजे नक्की कोणाला शोधायचंय ते ठरवा. "सगळंच बघू" असं गाईड म्हणतात, पण इन्क्युबेटर तुम्हाला वापरायचाय. चिकनमध्ये साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर ही मोठी नावं, त्यातला कॅम्पायलोबॅक्टर नखरेल, त्याला साधारण ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ४१.५ डिग्री लागतं, गॅस पॅक (जारमधला ऑक्सिजन कमी करणारी पुडी) आणि जार नसेल तर सिनॉप्सिसमधून सरळ काढून टाका, मेणबत्तीच्या जारमध्ये ऑक्सिजन जास्त उरतो आणि मग "आमच्याकडे सगळे निगेटिव्ह" असा थाटात रिझल्ट लिहिला जातो. मासळीत व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस हा समुद्री जिवाणू घ्या. हा १९५० मध्ये ओसाकाला सापडला, उकडून अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २७२ जण आजारी पडले आणि २० गेले, तेव्हा जपानी शास्त्रज्ञ फुजिनो यांनी तो वेगळा काढला. आणि त्याच्या ज्या ओ३:के६ या उपप्रकाराने पुढे जगभर साथी केल्या तो १९९६ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला कोलकात्यात, त्यामुळे इंट्रोडक्शनमध्ये फक्त परदेशी पेपर भरू नका.

आता घड्याळ. इथेच निम्म्या लोकांचं गणित बसत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. साल्मोनेलाला २५ ग्रॅम सॅम्पल २२५ मिली बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये (जिवाणू वाढवायचं पातळ माध्यम) १८ तास, दोन तास इकडेतिकडे चालतात. म्हणजे दुपारी १२ ला ठेवलंत तर ते पहाटे ४ ते सकाळी ८ मध्ये बाहेर काढायचं, तेव्हा लॅबची चावी कोणाकडे असते? संध्याकाळी ४ ला ठेवा, सकाळी ८ ते १२ मध्ये आरामात पुढे जाता येतं. त्यानंतर आरव्हीएस (साल्मोनेलाला झुकतं माप देणारं पातळ माध्यम) ४१.५ ला एक दिवस, मग एक्सएलडीवर (त्याचीच अगार प्लेट) एक दिवस, मग काळ्या ठिपक्याच्या कॉलनी उचलून न्यूट्रिअंट अगारवर एक दिवस, मग टीएसआय (ओळख पटवायची ट्यूब) वगैरे. सोमवारी सॅम्पल घेतलंत की शनिवारी टीएसआय वाचताय, रविवार मोकळा. पण आपल्याकडे सोमवारी चिकन सेंटरला शुकशुकाट, गुरुवार-शनिवारीही तेच, खरी गर्दी रविवार, बुधवार, शुक्रवारची. गर्दीच्या दिवशी ओंडका, सुरी, बादली यांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि मंद दिवशी माल जास्त वेळ पडून असतो, दोन्हीकडचा धोका वेगळा. म्हणून एक आठवडा रविवार, एक आठवडा सोमवार असं आलटून पालटून लावा, आणि श्रावणात सॅम्पल घेणार असाल तर तसं स्पष्ट लिहा, गटारीच्या आठवड्याचा आकडा आणि नंतरचा आकडा एका सरासरीत घालू नका.

मासळीचं घड्याळ बरोबर उलटं. पहाटे घ्यायची, साडेनऊपर्यंत अल्कलाइन सलाइन पेप्टोन वॉटरमध्ये घालायची, ताज्या मासळीला ४१.५ वर सहा तास, साडेतीनला टीसीबीएसवर (व्हिब्रिओची अगार प्लेट) स्ट्रीक म्हणजे तारेच्या लूपने रेघा ओढायच्या, आणि तिथूनच दुसरं एनरिचमेंट (पातळ माध्यमात पुन्हा वाढवणं) रात्रभर. स्ट्रीक करताना बाटली हलवू नका प्लीज, व्हिब्रिओ वर पृष्ठभागाशी जमतो, लूप वरच्यावर फिरवायचा. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, तेव्हा बाजारात दिसतं ते बर्फातलं किंवा बाहेरून आलेलं, त्यामुळे पावसाळ्याचे सॅम्पल हवे असतील तर खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं धरा. ही पाणी गाळून खाणारी मंडळी असल्याने पाण्यातलं सगळं त्यांच्यात साठतं. नुसत्या सुरमईच्या तुकड्यांवर प्रोजेक्ट केलात तर हाताला फार काही लागणार नाही, अख्खा बांगडा घेऊन कल्ले, आतडं आणि कातडी वेगवेगळी तपासलेली बरी.

डबे दोन. हे मी लॅबच्या दारावर मार्करने लिहून ठेवलंय तरी लोक एकाच डब्यात कोंबतात. चिकनला बर्फ चालतो, मस्त गार ठेवा. व्हिब्रिओला थंडी सोसत नाही, बर्फाला चिकटून आला तर जिवंत असूनही प्लेटवर येत नाही किंवा मरतो, म्हणून मासळी ७ ते १० डिग्रीला आणायची, जेल पॅक वर्तमानपत्रात गुंडाळून मध्ये जाड पुठ्ठा, आणि आत थर्मामीटर. यावर दरवर्षी कोणीतरी विचारतं की कोळीण मावशींकडे मासळी बर्फावरच असते मग आपण एवढं जपून काय उपयोग. अरे, मावशींचा बर्फ हा बाजाराचा भाग आहे, तोच तर मोजायचाय, तुमच्या डब्यातला बर्फ बाजाराचा भाग नाही. वहीत एवढं लिहा की टोपलीत बर्फ होता का, किती वाजता घेतलं, प्रोब थर्मामीटरने मांस किती डिग्री निघालं.

कुठून घ्यायचं हेही आधीच ठरवा. ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला पहाटे घेतलेली मासळी समुद्राबद्दल सांगते, तुमच्या स्टेशनबाहेरच्या मार्केटातली मासळी बर्फ, पाटी, वरून शिंपडलेलं पाणी आणि कोयता यांच्याबद्दल सांगते. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळलं तर कशाचंच उत्तर मिळत नाही. बोलायचं काय ते पाठ करून जा, कारण कोळीण मावशींचे हात सवयीने चालतात, पैसे काढेपर्यंत मासा साफ होऊन बादलीत बुडवून पिशवीत गेलेला असतो. आधीच सांगायचं, "मावशी, कापू नका, धुऊ नका, अख्खाच द्या." त्या विचारतील न धुता काय करणार रे, हसून सांगा कॉलेजला लागतो. चिकन सेंटरला तर अजून एक गोम आहे. परदेशी प्रोटोकॉलमध्ये मानेची कातडी घ्या असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे पिसांबरोबर कातडीच सोलून काढतात. "विथ स्किन" मागून घेता येतं पण मग ते गिऱ्हाईक जे खातं ते राहत नाही. माझं मत सरळ आहे, लोक जे विकत घेतात तेच घ्या, बिनकातडीचं, ओंडक्यावर तोडलेलं, आणि पेपरात तसं लिहा, रिव्ह्यूअर विचारेल तर विचारू दे.

कॉलेजचं मराठीत लिहिलेलं पत्र आणि आयकार्ड खिशात असू द्या, पण पैसे देऊन गिऱ्हाईकासारखं घ्यायचं असेल तर पत्र काढायची गरज पडत नाही. ओंडक्याचा किंवा सुरीचा स्वॉब घ्यायचा असेल तर मात्र आधी विचारा, न विचारता कापूस फिरवलात तर त्यांना वाटतं महापालिकेचा माणूस किंवा चॅनेलवाला आला, आणि ते चुकीचंही नाही. फोटो नको, दुकानाचं नाव वहीत नको, कोड द्या.

मीडियाचा, म्हणजे जिवाणू वाढवायच्या माध्यमांचा, हिशोब कागदावर करा. २० सॅम्पल म्हणजे नुसतं पेप्टोन वॉटर साडेचार लिटर, तेवढ्या बाटल्या आहेत का, ऑटोक्लेव्हमध्ये किती फेऱ्यांत बसतात? आरव्हीएस ११५ डिग्रीला १५ मिनिटं, १२१ ला टाकू नका. एक्सएलडी आणि टीसीबीएस ऑटोक्लेव्हच करायचे नसतात, उकळी आली की बास, दरवर्षी कोणीतरी सवयीने आत ढकलतंच. व्हिब्रिओसाठी पुढच्या सगळ्या टेस्टच्या मीडियात मीठ घाला, टीएसआयमध्येसुद्धा, बिनमिठाच्या ट्यूबमध्ये पॅराहीमोलिटिकस उगवणार नाही आणि तुम्ही त्याला निगेटिव्ह म्हणाल. टीसीबीएसवर हिरव्या कॉलनी त्या पॅराहीमोलिटिकसच्या संशयित, पिवळ्या कॉलरावाल्याच्या घराण्यातल्या असू शकतात, पण ऑक्सिडेज (जांभळा रंग येतो का बघायची टेस्ट) टीसीबीएसवरून डायरेक्ट करू नका, मीठ घातलेल्या न्यूट्रिअंट अगारवर घेऊन करा, आणि निक्रोमच्या लूपने नाही, त्याने खोटा जांभळा येतो, टूथपिक घ्या. स्टॉक ग्लिसरॉलमध्ये मायनस ८० ला. रोजच्या वापराचे व्हिब्रिओचे स्लँट (तिरक्या अगारच्या ट्यूब) फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर रूम टेंपरेचरला राहतात, फ्रीजमध्ये ठेवलेले महिन्याभराने उठत नाहीत.

कंट्रोल स्ट्रेन, म्हणजे ओळख पक्की असलेले जिवाणू, आजच मागवा. चंदीगडच्या एमटीसीसीकडून किंवा पुण्याच्या एनसीआयएमकडून (दोन्ही जिवाणूंचे संग्रह) यायला, त्यात कॉलेजचा परचेसचा कागद फिरायला वेळ लागतो, आणि पॉझिटिव्ह कंट्रोल नसेल तर कोऱ्या प्लेटचा अर्थ काहीच लागत नाही. कंट्रोल सॅम्पलच्या नंतर, शेवटी हाताळायचा.

जिवाणू अँटिबायोटिकला दाद देतात का हेही बघणार असाल तर म्युलर-हिंटन अगार ४ मिमी जाड ओता, स्केलने मोजा, आणि ई. कोलाय २५९२२ हा कंट्रोल स्ट्रेन दर बॅचला लावा. कोलिस्टिन सगळ्यांना हवंच असतं कारण २०१९ मध्ये केंद्राने खाद्यप्राण्यांसाठी, पोल्ट्रीसाठी आणि मत्स्यपालनासाठी त्यावर बंदी घातली, विषय गाजतो. पण कोलिस्टिनचा रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरत नाही, डिस्कचा आकडा विश्वासाचा नाही, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (पातळ माध्यमात औषध कमी-कमी करत बघणं) जमत नसेल तर ते नाव यादीतून खोडा.

किरकोळ: ४१.५ म्हणजे ४१.५, इन्क्युबेटरचा डिस्प्ले नाही तर आत ठेवलेला थर्मामीटर बघा, लाईट गेली तर किती वेळ गेली ते लिहा. वापरलेल्या प्लेटा आधी ऑटोक्लेव्ह, मग पिवळी पिशवी. उरलेलं चिकन घरी न्यायचं नाही, लॅबच्या कामाचं झालं की ते सॅम्पल, किलोभर कोळंबी असली तरी, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाका म्हणजे शेवटच्या दिवशी डोळे मोठे होत नाहीत.

आणि साल्मोनेला निघालाच, तर सेरोटाइपसाठी (नेमका उपप्रकार ठरवायला) कसौलीच्या सेंट्रल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पाठवता येतो. त्यांना आधी लिहून फॉर्म आणि पॅकिंगचे नियम मागवून घ्या, घट्ट बुचाचे स्लँट, प्रत्येकावर कोड आणि तारीख, आणि हे सबमिशनच्या महिन्यात नको, रिपोर्ट यायला त्यांचा त्यांना वेळ लागतो.