चिठ्ठीवरचा ‘ओडी’ आणि डब्यावरचा ‘साइड’

मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी असो की कृषी सेवा केंद्रातला डबा, तासगावकडच्या घरात दोन्हीला ‘औषध’च म्हणतात. दोन्हीवर लॅटिन ठाण मांडून बसलंय.

गोळीच्या नावापुढे ‘ओडी’ असेल तर दिवसातून एकदा. बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. सकाळी की रात्री, हे नुसता ओडी सांगत नाही. शेजारी १-०-० असेल तर सकाळी, ०-०-१ असेल तर रात्री. काहीच नसेल तर विचारून पाकिटावर लिहून घ्या. ‘एसओएस’ला उगाच घाबरतात. त्याचा अर्थ ‘गरज लागली तरच’ एवढाच. पण दोन गोळ्यांत किती तास आणि दिवसात जास्तीत जास्त किती, हे ठाऊक हवं.

चष्म्याच्या नंबरात मात्र तोच ओडी उजवा डोळा होतो, ओएस डावा, ओयू दोन्ही. खरा घोटाळा डोळ्यांच्या थेंबांत होतो: ओडी म्हणजे उजव्या डोळ्यात की दिवसातून एकदा? तिथे अंदाज नको, डॉक्टरांनाच विचारा.

आता ‘साइड’. ठार मारणे, कापणे अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून हे शेपूट आलं. कुणाला मारायचं ते शब्दाच्या पुढच्या भागात असतं: फंगीसाइड बुरशीला, इन्सेक्टिसाइड किडीला, हर्बिसाइड तणाला. मॅन्कोझेब फंगीसाइड आहे. केवडा रोग येऊ नये म्हणून फवारतात, थ्रिप्स या किडीवर त्याचा भरवसा धरू नका. सगळ्यात महाग चूक हर्बिसाइडची. उसातल्या तणावर टू-फोर-डी मारलेला पंप नुसता विसळून द्राक्षात नेला, तर उरलेल्या अंशानेही कोवळी पानं पंख्यासारखी आकसतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. शेजारच्या उसातून वाऱ्यावर आलेला फवाराही तेच करतो.

कानाला फसू नका. शुगरची ग्लिक्लाझाइड ‘झाइड’वर संपते, तिचा या मारेकऱ्यांशी संबंध नाही.

फवारणीचं औषध पोटात गेलं तर उलटी करवू नका. डबा किंवा लेबल घेऊनच दवाखाना गाठा, कारण ब्रँडच्या नावापेक्षा आतला घटक कोणता, यावर उपचार ठरतात. तिथल्या कागदावर ‘ओपी’ दिसलं तर ते ओपीडी नसतं; ऑर्गेनोफॉस्फरस कीटकनाशकाची विषबाधा असते.