कार्बोरेटर उघडायच्या आधी रिंग आणा

दुचाकीचा कार्बोरेटर घरी साफ करायचाय? मग फ्लोट चेंबरची, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं त्या वाटीची, नवी रबरी रिंग हातात असल्याशिवाय कार्बोरेटरचा एकही स्क्रू ढिला करू नका. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन गाडीचं मॉडेल आणि साल सांगा, रिंग तिथंच पाकिटातून काढून बघा. पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षं राहिलेली जुनी रिंग चेंबर उघडला की फुगते आणि परत खाचेत मावत नाही. गेल्या वेळी मी ती दाबून दाबून बसवली. रात्रभर पार्किंगमध्ये पेट्रोल ठिबकत होतं, पहाटे वॉचमनला वास आला. तिथं कुणी विडी पेटवली असती तर? आजही अंगावर काटा येतो.

दोष कार्बोरेटरचाच आहे ना, तेही बघा. चोक ओढल्याशिवाय सुरू होत नसेल, सिग्नलला बंद पडत असेल, तर बहुधा स्लो जेट, म्हणजे गाडी हळू चालते तेव्हा पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, तुंबलाय. नुसतीच कात्रजच्या चढाला दमत असेल तर आधी एअर फिल्टर आणि प्लग तपासा.

पाने, चिंध्या, ताटली हे आलंच. स्क्रू ड्रायव्हर मात्र नेमक्या मापाचा घ्या. चेंबरचे स्क्रू मऊ असतात, डोकं गेलं की संपलं. ड्राय बाल्कनीत गॅस गीझर असेल तर तिथं बसू नका. देवघरातली समई, उदबत्तीही लांब हवी. डोळ्याला चष्मा लावा, कार्बोरेटर क्लीनरचा फवारा भोकातून उलटा तोंडावर येतो.

रिंग आणली ना? मग टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा, चेंबर रिकामा करा. हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्स्चरचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं पूर्ण आत घ्या, किती आटे गेले ते मोजून लिहून ठेवा. जेटमध्ये टाचणी घालू नका! पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते. विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार पुरते. जेट उजेडासमोर धरा, भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. क्लीनर रबरावर उडवू नका, आत रबरी पडदा (डायफ्रॅम) असेल तर तो आधी काढून ठेवा.

पुढे सगळं उलट क्रमानं. मिक्स्चरचा स्क्रू पूर्ण आत घेऊन लिहिलेले आटे बाहेर, रिंग नवीच, जुनी नाहीच. कॉक उघडा, खाली पुठ्ठा ठेवा, अर्धा तास थांबा. पुठ्ठा कोरडा असेल तरच किक मारा.