अनियमित आकाराच्या आरसीसी इमारती : भूकंपातील नुकसानीचा अंदाज बांधताना या चुका टाळा

भारतीय मानक १८९३ (इमारतींच्या भूकंपरोधक रचनेचे मानक) च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार गोवा तिसऱ्या भूकंप विभागात येतो, आणि तेवढ्यावरून ‘धोका मध्यम, म्हणून नुकसानही मध्यम’ असा निष्कर्ष अनेक अहवालांत काढलेला आढळतो. विभागावरून हादरा किती धरायचा ते ठरते. नुकसान इमारतीच्या आकारावर आणि बांधणीवर अवलंबून असते. २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेतही तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवलेल्या अनेक इमारती कोसळल्या.

माझ्या मते सर्वांत घातक चूक म्हणजे मजल्याच्या मध्याची सरक (खालच्या मजल्याच्या तुलनेत तो बाजूला किती हलतो ते) पाहून सबंध इमारतीविषयी मत देणे. एल आकाराच्या इमारतीत लिफ्टच्या काँक्रीट भिंती एका टोकाला असल्या की दृढताकेंद्र (इमारतीच्या ताठपणाचा मध्य) तिकडे झुकते, वस्तुमानकेंद्र (वजनाचा मध्य) मागे राहते, आणि हादऱ्यात इमारत सरकतेच, शिवाय पिळवटते. तीन मीटर उंचीच्या मजल्याला मानकानुसार १२ मिलिमीटर सापेक्ष सरक चालते. मध्यावर ९ मिलिमीटर दिसत असताना लिफ्टपासून सर्वांत लांबचा कोपरा १५ मिलिमीटर सरकलेला असू शकतो. म्हणून नुकसान कोपऱ्यातील प्रत्येक कॉलमसाठी स्वतंत्रपणे मोजावे. केवळ पहिल्या मोडवर (इमारतीच्या डोलण्याच्या मूळ प्रकारावर) केलेल्या पुशओव्हर विश्लेषणात, म्हणजे इमारत गणितात हळूहळू बाजूला ढकलून पाहण्याच्या पद्धतीत, हा पीळ बहुधा निसटतो.

गोव्यातील पर्वरी किंवा आल्तिनोसारख्या उतारावर आणखी एक गफलत होते. डोंगराकडचा कॉलम दीड मीटर आणि दरीकडचा तीन मीटर उंच असेल, छेद सारखाच असेल आणि दोन्ही टोके पक्की असतील, तर आखूड कॉलमची दृढता आठपट भरते. साहजिकच हादऱ्याचे बळ तोच ओढून घेतो आणि रिंगा (उभ्या सळ्यांभोवतीची आडवी कडी) विरळ असतील तर तिरक्या भेगा पडून अचानक तुटतो. उंच कॉलम अधिक धोक्याचा वाटतो खरा, परंतु तपासणीची सुरुवात आखूड कॉलमपासूनच करावी.

भेगाळलेल्या काँक्रीटसाठी बीमची जडता (छेदाचा वाकण्याला होणारा विरोध) अखंड छेदाच्या ०.३५ पट आणि कॉलमची ०.७० पट धरण्यास विसरू नये, अन्यथा सरक कमी दिसते.

चिऱ्याच्या भिंती केवळ वजन म्हणून धरणेही चूकच. वरच्या मजल्यांना त्या ताठ करतात, मोकळा तळमजला तुलनेने लवचीक राहतो. नकाशात मोकळा दाखवलेला कॉलम प्रत्यक्षात कंबरेएवढ्या चिऱ्याच्या भिंतीने दोन्ही बाजूंनी आवळलेला असेल, तर त्याची मोकळी उंची जागेवर टेपने मोजून तीच गणितात घ्यावी.