रिक राइटची गाणी ऐकायची कशी

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या चाहत्यांचा वाद बासवादक-गायक वॉटर्स की गिटारवादक-गायक गिल्मर इथे सुरू होतो आणि तिथेच संपतो. कीबोर्डवादक रिक राइट (१९४३–२००८) त्या वादात येतच नाही. फार तर 'वातावरणनिर्मिती' हा एक शब्द त्याच्या वाट्याला येतो. मग कधीतरी कोणी त्याचा एकट्याचा अल्बम 'वेट ड्रीम' लावतं, "बरं आहे, पण यात काही घडतच नाही" म्हणतं आणि बंद करतं. बहुतेक वेळा चूक क्रमाची असते. राइटच्या गळ्याकडे त्याच्या हातांवरून जावं लागतं.

म्हणून आधी कुठलाही कीबोर्ड घ्या, फोनवरचा चालेल. पिंक फ्लॉइडच्या 'अस अँड देम'मधले (१९७३) चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, वाजवायचे आहेत (डी, ई, ए, बी ही पाश्चात्त्य सुरांची नावं). डाव्या हाताने खालचा डी दाबा आणि चारही कॉर्ड होईपर्यंत सोडू नका, तो खर्जासारखा चालू राहू दे. उजव्या हातात पहिल्यांदा डी-ई-ए. मग त्यात बी हा सूर मिसळा. तिसऱ्या वेळी एफ-ए-सी शार्प. चौथ्यांदा जी-बी-डी. घाई नको.

तिसऱ्या कॉर्डवर थांबून ऐका. डी मायनर लागलाय, म्हणजे उदासी आली. पण त्यात सी शार्प आहे. तो सूर वरच्या डीकडे ओढ घेतो आणि राइट त्याला लगेच पोचू देत नाही. ही जाझची सवय. बहुतेक रॉक गाण्यांत ताण वाढवायला आवाज चढवतात, राइट एक सूर अडकवून ठेवतो. त्याची गाणी 'घडत नाहीत' असं वाटतं ते यामुळे: जे घडतं ते कॉर्डमध्ये घडतं, आवाज जागचा हलत नाही. (ही चाल मुळात दिग्दर्शक अँतोनिओनीच्या 'झाब्रिस्की पॉइंट' चित्रपटासाठी केलेली. तिथे ती नाकारली गेली.)

आता गळा. आधी पिंक फ्लॉइडचं 'टाइम' लावा. कडवं गिल्मर गातो; मागे गायिकांचे आवाज येतात आणि गाणं एकदम सैल होतं, तिथून राइट. गिल्मरच्या खरखरीत आवाजानंतर हा गळा पातळ वाटेल. तुलना इथेच करून संपवा, पुढे ती कामाची नाही. राइट शब्द फेकत नाही, ओळ ताणत नाही, बोलल्यासारखा सूर ठेवून देतो. मग 'स्टे' (१९७२) आणि 'समर सिक्स्टी-एट' (१९७०). दुसऱ्यात पियानोवरचं हळू कडवं आणि त्यावर कोसळणारे पितळी वाद्यांचे आवाज यांतली दरी कानात ठेवा. शेवटी 'वेअरिंग द इनसाइड आउट' (१९९४): शब्द अँथनी मूर यांचे, चाल आणि गळा राइटचा, आणि या आवाजाला पुरेशी जागा दिलेलं गाणं.

एवढं झाल्यावर 'वेट ड्रीम' (१९७८). फ्रान्समधल्या सुपर बेअर स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बममध्ये दहा रचना आहेत. त्यांतल्या सहा नुसत्या वादनाच्या, म्हणून पहिल्या खेपेला लोक गायक शोधत बसतात. पहिल्या दिवशी चारच ऐका: 'अगेन्स्ट द ऑड्स', 'समर एलेजी', 'हॉलिडे' आणि 'पिंक्स साँग'. प्रत्येक दोनदा, एकदा शब्दांसाठी, एकदा फक्त डावा हात आणि बास कुठे जातात ते पाहायला. दुसऱ्या दिवशी सगळा अल्बम सरळ क्रमाने, शफल बंद करून. गाण्यांमधलं वादन श्वास घ्यायला ठेवलेलं आहे. क्रम मोडला की एकाच मनःस्थितीचे तुकडे हातात येतात.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात खालचे सूर आणि इलेक्ट्रिक पियानोचा गोलावा उडून जातो, वर मेल कॉलिन्सचा सॅक्सोफोन आणि स्नोई व्हाइटची गिटार तेवढी उरते, आणि अल्बम त्या दोघांचा आहे असं वाटू लागतं. साधे हेडफोन पुरतात. स्टीव्हन विल्सनने केलेलं २०२३चं मिक्स मिळालं तर तेच घ्या. सगळंच सोनं नाही, हेही आधीच सांगायला हवं: 'फंकी ड्यू' सराईत वादकांच्या रंगलेल्या बैठकीपलीकडे जात नाही.

राइट आणि डेव्ह हॅरिस यांच्या 'झी' या जोडीचा १९८४चा अल्बम 'आयडेंटिटी' सध्या सोडा. तिथे गातो हॅरिस, आणि फेअरलाइट या संगणकी सिंथेसायझरच्या यांत्रिक आवाजांखाली राइट सापडत नाही.

राइटचा अल्बम 'ब्रोकन चायना' (१९९६) मात्र शेवटी ठेवाच. सोळा तुकड्यांचं हे एकच सलग काम आहे, विषय नैराश्याचा. मधूनच ऐकलं तर नुसतं अंधारलेलं वाटतं. सुरुवातीपासून, दुसरं काही न करता ऐका. यात 'रीचिंग फॉर द रेल' आणि 'ब्रेकथ्रू' ही दोन गाणी शिनेड ओकॉनरने गायली आहेत. तिचं 'ब्रेकथ्रू' ऐकून झालं की गिल्मरच्या मैफिलींची २००२ची डीव्हीडी काढा. त्यात पाहुणा म्हणून आलेला राइट हेच गाणं स्वतः गातो. तिच्या गळ्यात ते भेगाळलेलं, उघडं ऐकू येतं. राइट त्याच ओळी जवळजवळ सपाट ठेवतो आणि भार कॉर्डवर टाकतो. दोन्ही लागोपाठ ऐका. दुसऱ्या वेळी डोळे त्याच्या हातांवर असू द्या.