रीडिंग फारच चांगलं आलं तर आधी घाबरा

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला तेव्हा मला वाटायचं, परीक्षा दिली की विद्युत निरीक्षक म्हणून नोंदणी होते आणि बिल्ला मिळतो. तसं नसतं. निरीक्षक नेमतं सरकार, वीज कायदा 2003 च्या कलम 162 खाली. सरकारी नोकरीत नसलेल्याला आधी विद्युत पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, मग अनुभव आणि पात्रता जमली तर चार्टर्ड इलेक्ट्रिकल सेफ्टी इंजिनियर, म्हणजे विद्युत सुरक्षेची तपासणी करायला सरकारने अधिकार दिलेला इंजिनियर.

अप्पा बळवंत चौकातून स्वस्तात जुनं गाइड आणू नका. मी आणलेलं 1956 च्या वीज नियमांवर होतं. चार महिने रद्द झालेले नियम पाठ करत बसलो! सीईएचे (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे) 2023 चे सुरक्षा नियम मुळातून वाचा, अर्थिंगसाठी आयएस 3043 हे भारतीय मानक. आणि "सर्टिफिकेट काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला चहासुद्धा पाजू नका.

आता माझी फजिती. भोसरीतल्या एका कारखान्यात अर्थ पिट, म्हणजे गळतीचा करंट जमिनीत उतरवणारे अर्थिंगचे खड्डे, तपासायचे होते. अर्थिंगचा रोध मोजणाऱ्या टेस्टरवर 0.3 ओहम आलं. हा आकडा जितका कमी तितका चांगला, म्हणून मी खूश, लगेच नोंदवहीत चढवलं. आमच्या वायरमन काकांनी एवढंच विचारलं, "लिंक सोडवली होतीस का रे?"

नव्हती. लिंक म्हणजे पिटला बाकीच्या अर्थिंगशी बांधणारा जोड. सगळे पिट एकाच पट्टीने जोडलेले, तीच पट्टी पुढे मशिनच्या पायाला, शेडच्या लोखंडाला. टेस्टरचा करंट मिळेल त्या वाटेने जमिनीत गेला. एका गल्लीतली कोंडी बघायला गेलो आणि अख्ख्या पेठेचे रस्ते मोजून आलो. त्या पिटचं एकट्याचं रीडिंग निघालं 11. खाली जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप मानेशी गंजून गेला होता.

पण हे वाचून उद्याच पाना घेऊन लिंक खोलायला जाऊ नका. चालू ट्रान्सफॉर्मरच्या किंवा जनरेटरच्या न्यूट्रलची अर्थिंग तोडली तर उघड्या दोन टोकांमध्ये जीवघेणा व्होल्टेज असू शकतो. शटडाऊन लेखी घ्यायचा आणि तोपर्यंत हात खिशात ठेवायचे.

दुसरं, खुंट्या, म्हणजे मोजताना टेस्टरला जोडून जमिनीत ठोकायच्या दोन सळया. आपल्याकडे वीतभर मुरमाखाली कातळ लागतो, खुंटी शिरत नाही, मग माणूस जिथे जागा मऊ तिथे जवळजवळ ठोकतो. ते रीडिंग फुकट. करंटची खुंटी पिटपासून 30 मीटरवर, व्होल्टेजची त्याच रेषेत साधारण 18.5 मीटरवर. मग ही मधली व्होल्टेजची खुंटी दोन मीटर पुढे, दोन मीटर मागे सरकवून पाहा. आकडा जागचा हलला नाही तरच विश्वास ठेवा. खुंटीशी पाणी ओतलं तर चालतं. तपासणीच्या सकाळी पिटात बादल्या ओतणं मात्र लबाडी आहे, आणि निरीक्षकांना ती ओला चेंबर पाहून कळते. खरा आकडा मे महिन्यातला. जुलैत कुठलाही पिट शहाणा असतो.

गणिताची धास्ती सोडा, निम्म्या कामाला ओहमचा नियम पुरतो. गुरू मात्र बघून निवडा. माझं मत कुणाला पटो न पटो, पण एसी केबिनमधल्या साहेबापेक्षा हाताला घट्टे पडलेला वायरमन बरा.

काकांनी मला ते 0.3 पुसू दिलं नाही. त्यावर एक रेघ मारायला लावली, शेजारी 11 लिहायला लावलं आणि खाली तारखेसह माझी सही घेतली.